चौदा डोकी

खोलीत दोन सोफे होते, एक हिरवा आणि एक पूर्वी हिरवा असलेला. चार खुर्च्या. कोपऱ्यात एक उंच दिवा, भिंतीवर बसवलेला एक टीव्ही. टेबलावर कॉफीचं भांडं, शेंगदाण्यांचा वाडगा आणि सात डोनट. त्यांतल्या एकाचा कुणीतरी घास घेऊन तो परत ताटात ठेवला होता. माणसं तीन. पिंजऱ्यात एक साळिंदर. व्हर्ना टॉलेफसननं हे सगळं दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा आकडा जुळला, म्हणून तिला जरा बरं वाटलं. लोकांसमोर जाण्याआधी मोजत बसायची तिची जुनी खोड होती.

माणसं तीन म्हणजे ती स्वतः, साळिंदर घेऊन आलेले प्राणिसंग्रहालयाचे मिस्टर ऑस्ट्रँडर आणि तिच्या नाकावर पावडर मारणारी फिलोमेना.

"हलू नकोस गं पोरी," फिलोमेना म्हणाली. "तुझ्यापेक्षा ते जनावर शांत बसलंय."

"त्याला गोष्ट सांगायची नाहीये," व्हर्ना म्हणाली.

एकाहत्तर सालचा ऑक्टोबर, न्यूयॉर्क, सहावा मजला. बाहेर अजून उजेड होता. डेल व्हिटकोमचा कार्यक्रम रात्री साडेअकराला दिसायचा, पण तो टेपवर उतरायचा संध्याकाळी साडेपाचला. सगळ्या देशाला वाटायचं व्हिटकोम आपल्यासाठी जागतोय. त्या वेळी तो जेवून घोरत असायचा. हे ठाऊक असूनही कुणाला त्याचं काही वाटत नसे. अकरा वर्षांपूर्वी, हा कार्यक्रम नव्हता तेव्हा, लोक बातम्या बघून दिवा मालवत; आता व्हिटकोमचं पहिलं बोलणं ऐकल्याशिवाय दिवस संपला असं धरत नसत. तो रात्री जे बोले तेच सकाळी ऑफिसात, बसमध्ये, दूधवाल्याच्या तोंडी ऐकू येई. एखाद्या सिनेटरच्या नाकावरून तो बोलला तर ते सिनेटर आयुष्यभर नाकासाठीच ओळखले जात.

क्लबातून लोकांना हसवून पोट भरणाऱ्यांसाठी मात्र त्या सगळ्याचा अर्थ एवढाच होता: सोफा. नवख्यानं पडद्यासमोर उभं राहून चार मिनिटं हसवायचं. मग व्हिटकोमनं टेबलामागून बोट हलवून सोफ्यावर बोलावलं तर आयुष्य मार्गाला लागलं. नाही बोलावलं तर मागच्या दारानं घरी. मार्चमध्ये व्हर्ना उभी राहिली होती. लोक हसले होते. बोट हललं नव्हतं. आज मात्र ती थेट सोफ्यावर जाणार होती, आणि ते सिडनं जमवून आणलं होतं.

सिड लेम्बर्ग आणि ती, दोघांची सहा वर्षं जोडी होती. गावभरच्या तळघरातले क्लब, डोंगरातली हॉटेलं, एकदा तर एका दंतवैद्याच्या मुलीचं लग्न. मग सिडला उपाशीपोटी विनोद करायचा कंटाळा आला आणि त्यानं व्हिटकोमकडे नोकरी धरली. काम असं: पाहुण्याला दोन दिवस आधी फोन करायचा, त्याच्याकडून गोष्टी काढून घ्यायच्या, त्यांतली चांगली निवडायची आणि ती बाहेर येईल असा प्रश्न निळ्या कार्डावर लिहायचा. कार्डांची चळत व्हिटकोमच्या टेबलावर जाई. व्हिटकोम ती आधी कधीच वाचत नसे. "ऐकलेल्या गोष्टीवर मला खोटं हसता येत नाही," असं तो म्हणे, आणि त्याचं हसणं खरंच असे, म्हणून तर लोक त्याच्यावर जीव टाकत.

परवा सिडनं तिलाही फोन केला होता.

"घरमालकाचे विनोद झाले, विमानाचे झाले," तो म्हणाला होता. "हे उभ्यानं बोलायचं गं. सोफ्यावर माणसाला घरचं काहीतरी लागतं. ते अंत्यविधीचं सांग ना. सहा वर्षांत तू मला ते कधी धड सांगितलं नाहीस."

"आईनं नको म्हटलं होतं म्हणून. आता ती हो म्हणालीय."

"बोर्गहिल्ड हो म्हणाली? बर्फ वितळलं वाटतं तिकडं."

"एका अटीवर. बाबांचं नाव घ्यायचं. आयव्हर टॉलेफसन, पूर्ण."

"मी कार्डावरच लिहितो. चल, सांग."

आणि तिनं सांगितलं. तिचे बाबा दुलुथला, मोठ्या सरोवराकाठी, खनिजाच्या धक्क्यावरच्या लोकांचे केस कापायचे. ते आजारी पडले आणि दुकान नऊ आठवडे बंद राहिलं. रस्त्याच्या पलीकडे दुसरा न्हावी होता, पण तो स्वीडिश. धक्क्यावरचे, बाबांसारखेच, नॉर्वेजियन; ते त्याच्याकडे डोकं देतील हे शक्यच नव्हतं. बाबा गेले तेव्हा निरोप द्यायला सगळी गिऱ्हाइकं आली, मानेवर केस रुळवत, कानांवर झिपऱ्या घेऊन. आईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "असं ध्यान घेऊन त्याच्यासमोर उभे राहणार?" ती म्हणाली, घरी गेली आणि बाबांची कात्री, कंगवा, चादर घेऊन परत आली. शवपेटीच्या शेजारी घडीची खुर्ची उलगडली. एकेक करून चौदा जण. शेवटचे तर खुद्द पाद्री. प्रत्येकाचं झालं की ती बाबांसारखाच मानेमागं आरसा धरायची. आणि प्रत्येक जण, इतक्या वर्षांच्या सवयीनं, आरशात बघून म्हणायचा, "झकास, आयव्हर."

रात्री आई स्वयंपाकघरात बसून व्हर्नाला म्हणाली होती, "चौदा डोकी मी भादरली. शाबासकी पेटीत झोपलेल्याला." आणि मग, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा, ती हसली होती.

फोनवर सिडनं लिहिणं थांबवलं. मग म्हणाला, "माझेही केस कापले होते गं त्यांनी. आपल्या पहिल्या कार्यक्रमाला इथं आले होते तेव्हा. पैसे घेतले नव्हते."

त्यानंतर व्हर्नानं आईला कळवलं. सहा मिनिटं मिळतील, दिवा मालवू नकोस. सहा मिनिटं म्हणजे किती, आईनं विचारलं. तुझं अंडी उकडायचं वाळूचं घड्याळ आहे ना, व्हर्ना म्हणाली, त्याचे दोन फेरे.

दार उघडून सिड आत आला. रुंद पिवळा टाय, कपाळाला घाम. स्टुडिओ तर एवढा गार ठेवत की प्रेक्षक कोट अंगावरच ठेवायचे.

"बूट छान आहेत," तो म्हणाला.

"बुटांकडे काय बघतोस? ठीक आहे ना सगळं?"

"मस्त. त्याचं डोकं फिरलंय आज, एवढंच. लेखकांनी दिलेले सगळे कागद त्यानं दुपारी टोपलीत टाकले. सहा लेखक, एक विनोद धड नाही."

"मग सुरुवातीला बोलणार काय?"

"मिळालं काहीतरी." सिडनं ताटातला डोनट उचलला, नेमका तो उष्टा, आणि न बघता तोंडात घातला. "हे बघ, आज घरमालकाचंही तयार ठेव. कसंय, तो कधी कुठं वळेल सांगता येत नाही."

"सोफ्यावर घरमालक चालत नाही म्हणालास."

"चालतो. तुझ्या तोंडी काहीही चालतं," सिड म्हणाला आणि गेला.

टीव्हीवर बँड वाजला, पडदा हलला, व्हिटकोम बाहेर आला. टाळ्या थांबेपर्यंत त्यानं नेहमीसारखी कफांची बटणं चाचपली. महापौरांवर एक, हवेवर एक. लोक जेमतेम हसले. मग तो म्हणाला, "आमच्या गावी, नेब्रास्कात, गस नावाचा एक न्हावी होता."

व्हर्नाला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. न्हावी सगळ्या गावांत असतात.

"गस आजारी पडला," व्हिटकोम म्हणाला. "आणि गावात दुसरा न्हावी होता, पण तो वेगळ्या पंथाचा, मेथडिस्ट."

फिलोमेनाचा ब्रश व्हर्नाच्या गालावर थांबला. व्हिटकोम गोष्ट सांगत गेला. तो फार चांगली सांगत होता. झिपऱ्या त्यानं दोन्ही हातांनी काढून दाखवल्या, खुर्ची उलगडल्याचा आवाज तोंडानं काढला. आरसा धरला. "झकास, गस!" प्रेक्षक कोसळले. त्याच्या गोष्टीत वीस जण होते. शेवटी त्यानं हात कमरेवर ठेवून, बायकी आवाजात, आईचं वाक्य म्हटलं.

"अगं बाई, वीस जण!" फिलोमेना डोळे पुसत होती. ऑस्ट्रँडर पिंजऱ्यावर थापा मारत होते. साळिंदरानं काटे उभे केले.

व्हर्ना उठली. पावडर कपड्यांवर सांडू नये म्हणून मानेभोवती खोचलेला कागद तसाच होता.

सिड पडद्यामागच्या अंधारात, वायरींच्या वेटोळ्याशी उभा होता. ती येताना दिसली तसे त्यानं दोन्ही हात वर केले.

"हळू बोल. टेप चालू आहे."

"तू दिलीस."

"तीन वाजता तो माझ्यावर ओरडत होता. लेखकांवर नाही, माझ्यावर. मी समोर होतो म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं."

"निघून गेलं? आरशासकट? आईच्या वाक्यासकट?"

"तू ती सहा वर्षं सांगितली नव्हतीस, व्हर्ना. पडून होती."

"पडून नव्हती. ठेवली होती."

सिडनं टाय सैल केला. "सोमवारपासून मला लेखकांच्या खोलीत टेबल मिळतंय. चाळीस वर्षांचा होतोय मी. लोकांना फोन करकरून माझा कान चपटा झालाय."

"त्याला माहीत आहे कुणाची गोष्ट ते?"

सिड पायानं वायर बाजूला सारू लागला.

"सिड. काय सांगितलंस तू त्याला?"

"माझ्या मामाच्या गावची म्हणालो."

"तुझा मामा ब्रुकलिनला छत्र्या विकतो."

"हे त्याला कुठं माहीत आहे?"

एक मुलगी येऊन व्हर्नाच्या मानेभोवतीचा कागद काढून गेली. पलीकडे पहिला पाहुणा, एक सिनेनट, आपल्या घोड्याबद्दल बोलत होता. सिड जवळ सरकला. "घरमालक कर. तुझं घरमालकाचं उत्तम आहे. लोक हसतील, तो तुला परत बोलावील, तेव्हा आपण दुसरं काहीतरी..."

"बाबांचं दुसरं मरण कुठून आणू?" व्हर्ना म्हणाली.

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

दिवे इतके प्रखर होते की प्रेक्षक दिसतच नव्हते, नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. सिनेनट रिवाजाप्रमाणे सोफ्यावर एक जागा पलीकडे सरकला. त्याच्या अंगानं ऊब आलेल्या जागेवर व्हर्ना बसली. व्हिटकोमनं हसून तिच्याकडे पाहिलं, मग कार्डांच्या चळतीतलं वरचं कार्ड उचललं. सिडनं गोष्ट देऊन टाकली होती, पण कार्ड बदलायचं राहिलं होतं.

"तर, व्हर्ना," व्हिटकोम वाचू लागला, "तुमचे वडील न्हावी होते. आणि त्यांच्या अंत्यविधीला म्हणे काहीतरी..." त्याचा आवाज शेवटी शेवटी मंदावला, उताराला ब्रेक लावलेल्या सायकलीसारखा.

प्रेक्षक गप्प. वीस मिनिटांपूर्वीच त्यांनी एका न्हाव्याचा अंत्यविधी ऐकला होता. ही बाई आता तोच परत सांगणार की काय, असं त्या शांततेत होतं. व्हर्नाच्या लक्षात आलं की आता गोष्ट सांगितली तर चोर ती ठरेल.

"झालं होतं," ती म्हणाली. "तुम्ही पण आला होतात असं दिसतंय. आईनं चौदा जणांचे केस कापले. तुम्ही कितवे होतात, मिस्टर व्हिटकोम?"

आणि व्हिटकोमचा हात, त्याला न विचारता, स्वतःच्या मानेमागं गेला.

हसण्याचा लोंढा आला. मागच्या रांगेपासून पुढं आला, थांबतोसा वाटला, आणि व्हिटकोमनं हात चटकन खाली घेतला तसा पुन्हा उसळला. बँडमधला ढोलवाला काठ्या खाली ठेवून हसत होता. सिनेनट तिच्या खांद्यावर कपाळ टेकून हसत होता. व्हिटकोमही हसला, आधी तोंडानं, मग खरंच.

"मेथडिस्ट नव्हता तो," आवाज ओसरल्यावर व्हर्ना म्हणाली. "स्वीडिश होता. आणि बाबांचं नाव गस नव्हतं. आयव्हर. आयव्हर टॉलेफसन. माझी आई जागी आहे. तिला मी सांगितलंय नाव येईल म्हणून."

आता कुणी हसलं नाही. मग कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी वाजवल्या. त्यानंतर तिनं थोडं घरमालकाचं सांगितलं. तेही चाललं.

जाहिरातींची वेळ झाली. दिवे अर्धे उतरले. व्हिटकोम टेबलावरून तिच्याकडे झुकला. जवळून तो टीव्हीतल्यापेक्षा दमलेला दिसत होता.

"ही तुमची गोष्ट होती?"

"माझ्या बाबांची."

"मला सिड म्हणाला त्याच्या मामाची." त्यानं निळं कार्ड उलटं करून ठेवलं. "मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही मला धुतलंत, आणि बरोबर केलंत."

"आईला तेवढं नाव ऐकू जाईल ना?"

"जाईल. अकरा वर्षांत आमच्या टेपला कात्री लागलेली नाही. जसं घडलं तसं जातं." त्यानं तिचा हात दाबला. "आईंना माझा नमस्कार सांगा."

बाहेर पडताना सिड लिफ्टपाशी उभा होता. त्यानं तिचा कोट धरला होता.

"काय हसले गं! असं हसणं मी इथं ऐकलं नाही कधी. तू माझं वाटोळं केलंस, पण काय हसले!" तो तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. "तुला परत बोलावणार, लिहून घे."

"कोट दे," व्हर्ना म्हणाली.

घरी जाऊन तिनं आईला फोन केला. नाव गेलंय, ती म्हणाली, पूर्ण गेलंय; त्याआधी तो माणूस काहीतरी बोलेल, तिकडं लक्ष देऊ नकोस. मग टीव्ही न लावताच ती झोपली. आपलं आपण बघितलं की तिला नुसत्या चुका दिसत.

सकाळी दहाला आईचा फोन आला. लांबचा फोन आई कधीच स्वतःहून लावत नसे.

"तू त्याला ती विकलीस का गं?" आईनं विचारलं.

"काय?"

"मी रागावले नाहीये. नुसतं विचारतेय. बेकरीत गेले होते काळा पाव आणायला. तिघांनी मला गोष्ट सांगितली. व्हिटकोमच्या गावचा न्हावी म्हणून. आर्ने क्वामनंसुद्धा."

"आर्ने त्या चौदांत होता, आई."

"चौथा. मला म्हणतो, बघ बोर्गहिल्ड, नेब्रास्कातही अगदी आपल्यासारखंच झालं होतं. आणि तिथं वीस होते."

व्हर्ना फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. "मी विकली नाही. मी सिडला सांगितली होती."

"सिडला? आपल्या सिडला?" आई थांबली. "ख्रिसमसला दोनदा माझे मटणाचे गोळे मागून घेणाऱ्या सिडला?"

"हो."

"बरं," आई म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "बरं."

"पण मी नंतर बोलले ना? त्याला विचारलं ना, तुम्ही कितवे म्हणून?"

"कुणाला?"

"व्हिटकोमला. आणि बाबांचं नाव."

"नाव नाही आलं, व्हर्ना. तू आलीस, बसलीस, छान दिसत होतीस. मग एकदम घरमालकाचं बोलायला लागलीस. मग ते काट्यांचं जनावर. ते पुष्कळ वेळ होतं." आई खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. "मला वाटलं, माझा डोळा लागला असेल. पण घड्याळ माझ्या समोर होतं."

"वाळूचं?"

"तू सांगितलंस तसं. तू पडद्यातून आलीस तेव्हा उलटं केलं. दुसऱ्यांदा करायची वेळच आली नाही. तू गेलीस तसं आडवं ठेवलं, ते तसंच आहे. वरच्या बाजूला वाळू उरलीय."

"किती?"

"आता डोळ्यानं किती म्हणून सांगू? थांब. उभं करते. तुझ्याकडे मनगटाचं घड्याळ आहे ना? तू बघ."

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. "सोडली," आई लांबून म्हणाली.

व्हर्नानं सेकंदकाट्याकडे पाहिलं. पलीकडून स्वयंपाकघर ऐकू येत होतं: फ्रिजची गुणगुण, खूप लांबून खनिजाच्या जहाजाचा भोंगा. 

"संपली," आई म्हणाली. "किती झालं?"

"एक मिनिट दहा सेकंद," व्हर्ना म्हणाली. "म्हणजे सहातली दोन मिनिटंही दाखवली नाहीत, बाकीच्यावर कात्री."